रात्रभर एकच तारा

आकाशाच्या छायाचित्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा दोन गोष्टींची थोरवी गातात. एक आरशाची आणि दुसरी रसायनाची. दुर्बिणीचा आरसा किती इंचांचा होता, काचेवरचा लेप ओला होता कीं कोरडा, हें ते बारकाईनें सांगतात, आणि तें योग्यच आहे. परंतु तिसरी एक गोष्ट त्यांच्या हातून एखाद्या वाक्यांत उरकली जाते. ती म्हणजे, काच उघडी असेपर्यंत तारा तिच्यावरील आपल्या जागेवरून हलूं न देणें. आम्हांस असें वाटतें कीं, या इतिहासाचें खरें मर्म या तिसऱ्या गोष्टींत आहे, आणि ज्यांनीं ती साधली त्यांची हकीकत वाचकांस थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे.

अडचण काय आहे हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत स्वतःभोवतीं एक फेरा पुरा करते. म्हणजे आकाश आपल्या डोक्यावरून दर चार मिनिटांस सुमारें एक अंश सरकतें. डोळ्याचें यामुळें कांहीं बिघडत नाहीं, कारण डोळा क्षणाक्षणाला नवें चित्र घेतो व जुनें टाकून देतो. एकदां अंधाराला सरावल्यावर कोणी एखाद्या तेजोमेघाकडे तासन् तास टक लावून बसला तरी पहिल्यानें दिसलें त्याहून फारसें अधिक त्याला दिसावयाचें नाहीं. छायाचित्राच्या काचेची रीत निराळी. ती कृपणाच्या पिशवीप्रमाणें थोडथोडा प्रकाश सांठवीत जाते. परंतु ही सांठवण होण्यास पहिल्या मिनिटाचा प्रकाश ज्या ठिकाणीं पडला त्याच ठिकाणीं शंभराव्या मिनिटाचाही पडला पाहिजे. नाहीं तर ताऱ्याचा ठिपका न उमटतां रेघ उमटते, आणि तेजोमेघ तर पुसूनच जातो.

उपाय दिसावयास सोपा आहे. दुर्बीण एका आंसावर बसवावी. तो आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर, म्हणजे पुण्यास असेल तर क्षितिजापासून सुमारें साडेअठरा अंशांवर ध्रुवाकडे रोखलेला असावा. आणि पृथ्वी पूर्वेकडे जितकी फिरते तितकीच दुर्बीण घड्याळाच्या यंत्रानें पश्चिमेकडे फिरवीत ठेवावी. जर्मन कारागीर फ्राउनहोफर यानें १८२४ सालीं डोर्पाटच्या वेधशाळेसाठीं अशी दुर्बीण करून दिली होती. नुसतें पाहणाऱ्यास हें घड्याळ पुष्कळ होतें. काचेचा हिशेब मात्र फार कठोर. चाकाच्या एखाद्या दात्यांत केसाएवढा दोष असला, नळी आपल्या वजनानें किंचित् वाकली, किंवा तारा क्षितिजाकडे उतरूं लागून हवेनें त्याचा किरण अधिक वळविला, कीं काचेवरच्या ठिपक्याचा लंबगोल झालाच. यांतील कांहीं दोष घड्याळ सुधारून जाणारे आहेत, कांहीं नाहींत. म्हणून घड्याळाच्या जोडीला माणूस बसवावा लागला. त्यानें दुर्बिणीच्या शेजारीं लावलेल्या दुसऱ्या दुर्बिणींत डोळा घालावयाचा, आंतल्या दोन आडव्या-उभ्या तंतूंच्या फुलीवर एक तारा धरावयाचा, आणि तो फुलीवरून ढळूं लागला कीं हातांतल्या चकतीनें दुर्बीण तेवढीच मागें-पुढें करावयाची. चित्र ज्याचें घ्यावयाचें तें त्याला त्या रात्रीं दिसतही नसे. त्यानें पाहावयाचा तो एकच तारा.

पहिल्या प्रयत्नांत घड्याळाचा हा दुबळेपणा चांगलाच उघडा पडला. अमेरिकेंत हार्वर्ड येथें १८५० च्या जुलै महिन्यांत बॉण्ड हा ज्योतिषी व व्हिपल हा बोस्टनचा छायाचित्रकार यांनीं १५ इंची दुर्बिणीवर चांदीचा मुलामा दिलेला पत्रा बसवून अभिजित् ताऱ्याचें चित्र घेतलें. पत्रा १०० सेकंद उघडा होता. इतक्या अवधींत अभिजितासारखा तेजस्वी तारा उमटला; पण घड्याळ धक्के देत चालत असल्यामुळें त्याहून अंधुक ताऱ्यांसाठीं अधिक वेळ थांबण्याची सोय नव्हती. सात वर्षांनीं, १८५७ सालीं, त्याच दुर्बिणीस चांगला नियामक बसविण्यांत आला आणि पत्र्याऐवजीं ओल्या लेपाची काच वापरण्यांत आली. तेव्हां जी जोडी काचेवर उतरली ती वसिष्ठ आणि अरुंधती यांची. लग्नांत नवऱ्यानें नवरीस जी जोडी दाखवावयाची तीच समुद्रापलीकडे या कामीं प्रथम पुढें यावी हा योगायोग आम्हांस तरी मोठा गमतीचा वाटला.

ओल्या काचेची खोड अशी कीं, ती कांहीं मिनिटांत वाळते आणि वाळली कीं निकामी होते. त्यामुळें घड्याळ कितीही चांगलें केलें तरी उपयोग नव्हता. १८७१ सालीं मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें सरसाच्या कोरड्या लेपाची युक्ति प्रसिद्ध केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारांत विकत मिळूं लागल्या. आतां काच रात्रभर उघडी राहण्यास तयार होती. प्रश्न एवढाच उरला कीं दुर्बीण रात्रभर वाट चुकल्याशिवाय चालेल काय?

न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर नांवाचा डॉक्टर आपल्या खासगी वेधशाळेंत हेंच अजमावीत होता. ३० सप्टेंबर १८८० रोजीं त्यानें मृग नक्षत्रांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. काच ५१ मिनिटें उघडी होती. १८८२ च्या मार्चांत हाच अवधि त्यानें १३७ मिनिटांवर नेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो वारला. पुढचें पाऊल इंग्लंडांत पडलें, आणि तें टाकणारा मनुष्य कोणत्याही विद्यापीठांतला नव्हता.

ॲण्ड्र्यू कॉमन हा धंद्यानें आरोग्यविषयक बांधकामाचा इंजिनियर. नळ, मोऱ्या आणि सांडपाणी यांवर त्याचा चरितार्थ चाले. लंडनशेजारच्या ईलिंग येथें आपल्या घराच्या बागेंत त्यानें कॅल्व्हर या कारागिराकडून केलेली ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली. एवढ्या वजनाचें धूड आंसावर फिरवावयाचें तर घर्षणानें तें अडखळत चालणार. मोऱ्यांच्या इंजिनियरास यावर जो उपाय सुचला तो पंडितांस सुचता कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. त्यानें आंसाचा भार पाऱ्यावर तरंगत ठेवला! दुर्बीण जणूं होडी झाली आणि घड्याळाच्या हलक्या रेट्यानें सरकूं लागली. ३० जानेवारी १८८३ रोजीं कॉमननें मृगांतील तोच तेजोमेघ ३७ मिनिटांत काचेवर घेतला, आणि त्यांत असे तारे निघाले कीं जे त्याच दुर्बिणींतून डोळ्यानें पाहतां दिसत नव्हते.

या गोष्टीचें महत्त्व आज सहसा ध्यानांत येत नाहीं. तोंवर छायाचित्र म्हणजे हातानें काढलेल्या आकृतीच्या जागीं आलेली अधिक प्रामाणिक आकृति एवढाच त्याचा मान होता. एकच तेजोमेघ दोन नामांकित ज्योतिष्यांनीं काढला तर दोन आकृत्या जुळत नसत, आणि तेजोमेघ बदलला कीं काढणाऱ्याचा हात चुकला याचा वाद माजे. कॉमनच्या काचेनें हा वाद तर मागें टाकलाच. शिवाय मनुष्याच्या डोळ्यास कधींच दिसणार नाहीं असें कांहीं काच दाखवूं शकते, हें तिनें सिद्ध केलें. १८८४ सालीं राजकीय ज्योतिषसंस्थेनें कॉमनला सुवर्णपदक दिलें. पदक चित्रासाठीं होतें; आम्हांस मात्र त्याच्या आरशाहून आणि चित्राहूनही त्या पाऱ्याचेंच अधिक कौतुक वाटतें.

कॉमननें ही दुर्बीण १८८५ सालीं विकून टाकली. तिची पुढील कथा ओघानें येईल. त्याच वर्षीं लिव्हरपूलजवळ आयझॅक रॉबर्ट्स नांवाच्या गृहस्थाकडे नवी दुर्बीण येऊन पोंचली होती. रॉबर्ट्स हा वेल्समध्यें जन्मलेला, घरें बांधण्याच्या ठेकेदारीवर श्रीमंत झालेला मनुष्य. त्याची २० इंची आरशाची दुर्बीण डब्लिनच्या ग्रबनें केलेली होती, आणि तिच्या जोडीला त्याच बैठकीवर ७ इंची भिंगाची दुर्बीण बसविली होती. एकींत काच, दुसरींत डोळा. २९ डिसेंबर १८८८ च्या रात्रीं देवयानींतील तेजोमेघावर काच चार तास उघडी ठेवण्यांत आली. इंग्लंडांतील डिसेंबरची रात्र, वर उघडें आकाश, आणि चार तास एका फुलीवर धरलेला एक ठिपका. वाचकांनीं याची नुसती कल्पना करून पाहावी.

देवयानींतील हा मेघ नुसत्या डोळ्यांसही धुकट ठिपक्यासारखा दिसतो. १८४७ सालीं हार्वर्डच्या दुर्बिणींतून त्यांत दोन काळ्या सरळ पट्ट्या दिसल्या होत्या. त्या कशाच्या हें कोणास उमगलें नव्हतें. रॉबर्ट्सच्या काचेवर त्या पट्ट्या सरळ नव्हत्याच. मध्यभागाच्या तेजाभोंवतीं वेढे घालीत गेलेल्या एका प्रचंड भोंवऱ्यांतील त्या मोकळ्या जागा होत्या. हें चित्र पाहून ज्योतिष्यांस वाटलें कीं, सूर्यमाला कशी जन्मते याविषयीं लाप्लासनें केलेली कल्पनाच आपण डोळ्यांनीं पाहत आहों. रॉबर्ट्सचेंही मत तेंच होतें. तें मत साफ चुकलें. ती एक सूर्यमाला नसून कोट्यवधि सूर्यांचें स्वतंत्र विश्व आहे, हें कळण्यास आणखी छत्तीस वर्षें लागलीं. परंतु चित्रांत खोट नव्हती. खोट असलीच तर ती चित्र वाचणाऱ्यांच्या घाईंत होती.

येथें थोडें विषयांतर करावेंसें वाटतें. ज्या ग्रबनें रॉबर्ट्सला २० इंची दुर्बीण करून दिली, त्याच ग्रबच्या कारखान्यांतील २० इंची आरशाची दुर्बीण पुण्यासही आली होती. १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनीं पांच हजार रुपये दिले, मुंबई सरकारनें तितकीच भर घातली, आणि सायन्स कॉलेजांत प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या हातीं एक वेधशाळा उभी राहिली. नायगमवाला यांचें लक्ष वर्णपटाकडे होतें. मृगांतील तेजोमेघाच्या वर्णपटावर त्यांनीं केलेले वेध इंग्लंडांत प्रसिद्ध झाले. आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें त्यांनीं आपली तुकडी नेली. १९१२ सालीं ते निवृत्त झाले आणि त्याबरोबरच वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढें पुष्कळ वर्षें ती या देशांतील सर्वांत मोठी दुर्बीण होती. पुण्याचा पावसाळा वेधांस प्रतिकूल, हें खरें. पण पावसाळ्याबाहेरचे आठ महिने उरतात, आणि मॅगलच्या ढगाळ आकाशापेक्षां ते खचित वाईट नव्हेत. दुर्बीण होती, आकाश होतें. एका मनुष्याच्या मागें त्या खुर्चीवर बसावयास दुसरा कोणी तयार झाला नाहीं. या गोष्टीचा विषाद आम्हांस अजूनही वाटतो.

हैदराबादेंत याहून बरें घडलें. १८८७ सालीं पॅरिस येथें अनेक राष्ट्रांच्या ज्योतिष्यांनीं संपूर्ण आकाशाचा छायाचित्रांनीं नकाशा करण्याचें ठरवून आकाशाचे पट्टे निरनिराळ्या वेधशाळांस वांटून दिले होते. त्यांतील दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा मूळच्या वेधशाळेच्या हातून पुरा होईना, तो नबाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं स्थापिलेल्या आणि पुढें निजाम सरकारच्या ताब्यांत आलेल्या वेधशाळेनें पत्करला. चॅटवुड, पोकॉक आणि त्यांच्यामागून भास्करन् यांनीं हें काम वर्षानुवर्षें चालविलें, आणि लाखों ताऱ्यांच्या जागा मोजून छापल्या. मराठवाडा तेव्हां त्याच राज्याचा भाग होता; पण हें कार्य आपल्या दारांत चाललें आहे याची दाद तिकडील मराठी घरांतून कितीशी लागली असेल?

आतां ज्याच्यासाठीं आम्हीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला त्याच्याकडे वळूं. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड हा १८५७ सालीं अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं जन्मला. बाप जन्मापूर्वींच वारलेला, घरीं विलक्षण दारिद्र्य, शाळा अवघी दोन महिन्यांची. वयाच्या नवव्या वर्षीं आईनें त्याला एका छायाचित्रकाराच्या दुकानीं कामास लावलें. त्या काळीं चित्र मोठें करावयास सूर्याचा प्रकाश लागे, आणि दुकानाच्या छपरावर त्यासाठीं ‘ज्युपिटर’ नांवाचें एक अवजड यंत्र होतें. त्याचें तोंड सतत सूर्याकडे राहावें म्हणून चाकें हातानें फिरवीत बसावें लागे. आधींचीं मुलें या कामास कंटाळून डुलक्या घेत. हें पोर डुलक्या घेईना. सूर्य कसा सरकतो हें तें दिवसामागून दिवस पाहत राहिलें. भर मध्यान्हीं डोक्यावर येण्याची सूर्याची वेळ आणि गांवच्या चर्चची घंटा यांचा मेळ वर्षभर सारखा बसत नाहीं, हें देखील त्याच्या ध्यानांत आलें असें सांगतात.

हाच मुलगा पुढें धूमकेतु शोधून नांवारूपास आला, आणि १८८८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंत त्याला जागा मिळाली. तेथें १८८९ च्या उन्हाळ्यांत त्यानें विलर्ड नांवाचें सहा इंची भिंग आकाशगंगेवर रोखलें. हें भिंग मुळांत माणसांच्या तसबिरी काढण्यासाठीं केलेलें, जुन्या बाजारांतून घेतलेलें. मोठ्या दुर्बिणींना आकाशगंगेचा एवढासा तुकडा दिसे. या तसबिरीच्या भिंगांत तिचा विस्तीर्ण भाग एकदम मावे. बर्नार्ड तासांमागून तास फुलीवर तारा धरून बसे, आणि काच धुतल्यावर आकाशगंगेचे ढगांवर ढग उठून दिसत. छपरावर सूर्य धरणाऱ्या पोरानें आतां डोंगरावर तारा धरला होता. काम तेंच होतें. १८९२ च्या ऑक्टोबरांत अशाच एका काचेवर त्याला जो धूमकेतु सांपडला, तो छायाचित्रानें शोधलेला पहिला धूमकेतु होय.

परंतु बर्नार्डच्या चित्रांतील खरा चमत्कार तेजाचा नसून काळोखाचा आहे. आकाशगंगेच्या दाट तारांगणांत जागोजाग काळीं भगदाडें, वाटा आणि ठिपके दिसूं लागले. हीं आकाशांतील भोंकें आहेत, त्यांतून आपण पलीकडच्या रितेपणांत पाहतों, असें बर्नार्डलाही प्रथम वाटे. हें मत सोडावयास त्याला पुष्कळ वर्षें लागलीं. एका रात्रींत नव्हे, तर शेंकडों काचा एकमेकींशेजारीं ठेवून पाहतां पाहतां त्याची खात्री पटत गेली कीं, हे ताऱ्यांच्या आड आलेले, प्रकाश अडविणारे ढग आहेत. १९१९ सालीं त्यानें अशा १८२ काळ्या ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली. ज्या वस्तूपासून मुळीं प्रकाशच येत नाहीं ती वस्तु छायाचित्रानें सांपडावी, यास तारा किती अचूक धरावा लागला असेल! ठिपके जरा पसरते तर काळोखाची कड त्यांत बुडून गेली असती.

१८९५ पासून तो यर्किस वेधशाळेंत होता. कॅथरिन ब्रूस या बाईंच्या देणगींतून त्याला दहा इंची भिंगाचें खास यंत्र मिळालें, आणि १९०५ सालीं तें घेऊन तो कांहीं महिने माउंट विल्सनच्या निर्मळ हवेंत जाऊन राहिला. त्याच्या चित्रसंग्रहाची गोष्ट तर एखाद्या व्रतासारखी आहे. छापण्याच्या कोणत्याही रीतीनें त्याचें समाधान होईना. म्हणून ७०० प्रतींतील सर्व चित्रें खऱ्या छायाचित्रांच्या ठशांनींच द्यावयाचीं ठरलीं, आणि हे ३५ हजार ठसे त्यानें एकेक करून स्वतः तपासले. ग्रंथ बाहेर आला तो १९२७ सालीं. बर्नार्ड १९२३ सालींच गेला होता. उरलेलें काम त्याच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट व वेधशाळेचा प्रमुख फ्रॉस्ट यांनीं पुरें केलें.

कॉमनच्या दुर्बिणीचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. क्रॉस्ली नांवाच्या हॅलिफॅक्सच्या धनिकानें ती घेतली होती. इंग्लंडच्या त्या हवेंत तिचा उपयोग होईना, म्हणून १८९५ सालीं त्यानें ती लिकला देऊन टाकली. १८९८ पासून कीलर तिच्यावर बसला. काच धरणारी चौकटच बारीक मळसूत्रांनीं सरकवावी आणि काचेच्या कडेशींच डोळा लावून तारा पाहावा, ही कॉमनचीच दुसरी युक्ति त्याला उपयोगी पडली. कारण मुख्य आरसा आणि शेजारची दुर्बीण निरनिराळ्या वांकल्या तर फुलीवर धरलेला ताराही फसवितो. कीलरच्या काचांवर एका तेजोमेघाच्या पार्श्वभूमीवर इतर कित्येक लहान मेघ उमटूं लागले, आणि त्यांतले बहुतेक भोंवऱ्याच्या आकाराचे! या दुर्बिणीच्या आवांक्यांत असे सुमारें एक लाख वीस हजार असावेत असा त्यानें अंदाज केला. तोही फार कमी होता हें पुढें दिसून आलें. पण तोंवर इतक्यांची कल्पनाही कोणीं केली नव्हती. १९०० सालीं कीलर वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं वारला.

माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीचा आंसही पाऱ्यावरच तरंगतो. १९२३ च्या ऑक्टोबरांत हबल यानें तिच्यावर देवयानीच्या मेघावर ४५ मिनिटांची काच घेतली. तींत सांपडलेल्या एका ठिपक्याशेजारीं आधीं नव्या ताऱ्याची खूण केली होती. ती खोडून त्यानें तो तेज बदलणारा तारा असल्याची खूण उद्गारचिन्हासह लिहिली. त्या ताऱ्याच्या तेजाच्या आवर्तनावरून मेघाचें अंतर निघालें, आणि रॉबर्ट्सची भावी सूर्यमाला आमच्या आकाशगंगेच्या बाहेर फेंकली गेली. हबलचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्याच्याबरोबर रात्री काढणारा मिल्टन ह्यूमसन मात्र कमी लोकांस ठाऊक असतो. तो त्या डोंगरावर सामान वाहणाऱ्या खेचरांचा हांक्या म्हणून आला, मग वेधशाळेंत झाडलोट करूं लागला, मग रात्रींचा मदतनीस झाला. शाळा त्यानें चौदाव्या वर्षींच सोडली होती. १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका दूरच्या मेघाच्या वर्णपटासाठीं त्यानें एक काच ३३ तास व दुसरी ४५ तास उघडी ठेवली. एका रात्रींत तितके तास नसतात. पहांटे काच झांकावयाची, आणि दुसऱ्या रात्रीं तोच अंधुक ठिपका पुन्हां त्याच फटीवर आणून धरावयाचा. तो मेघ सेकंदाला सुमारें ३८०० किलोमीटर वेगानें दूर जात असल्याचें त्या काचांनीं सांगितलें. मोऱ्यांचा इंजिनियर, घरें बांधणारा ठेकेदार, दुकानांतलें पोर आणि खेचरांचा हांक्या. हाताच्या कामास हलकें मानण्याची संवय लागलेल्या आमच्यासारख्यांनीं हीं नांवें एकदां ओळीनें वाचून पाहावींत.

आज काचेची जागा विद्युत्कणांनीं प्रकाश मोजणाऱ्या पट्टिकेनें घेतली आहे आणि फुलीवर डोळा लावणारा मनुष्य उठून गेला आहे. मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशांतून कडेचा एक किरण लहान आरशानें बाजूस काढतात, त्यांतला तारा एक धाकटा कॅमेरा पाहत राहतो, आणि तो रेसभर ढळला कीं दर एक-दोन सेकंदांनीं मोटारीस हुकूम सुटतो. कॉमनची काचेच्या कडेची युक्ति ती हीच. हौशी मंडळी आतां एकच लांबलचक चित्र न घेतां पांच-दहा मिनिटांचीं पुष्कळ चित्रें घेऊन गणकयंत्रावर एकावर एक रचतात; ज्यांत ताऱ्याचा लंबगोल झाला असेल तीं वेगळीं काढून टाकतात. देवयानीचे वेढे घराच्या गच्चीवरून देखील सांपडूं शकतात, आणि हें चाललेलें असतां दुर्बिणीचा धनी खालीं स्वस्थ झोंपलेला असतो.